खिडकीजवळचं टेबल: बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग ऑफिसचं प्रकरण

ऑक्टोबर २०२३ मधली गोष्ट. मला सांगण्यात आलं की ऑफिसातल्या काकांच्या नावाने एक मेमो टाईप कर, कारण लिही असहकार आणि निष्काळजीपणा, संध्याकाळपर्यंत सही होऊन जायला हवा. मी तेव्हा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात एचआर बघायचे, म्हणजे पगार, रजा, पीएफ, चहावाल्याचं बिल आणि कुणाचं कुणाशी वाजलं तर ते मिटवणं, बावीस माणसांच्या ऑफिसात एचआर म्हणजे हेच सगळं असतं. मेमो मी टाईप करायला घेतला पण. दोन पॅरे झाले आणि तिसऱ्यात नेमकं काय घडलं ते लिहायची वेळ आली तेव्हा हात थांबला, कारण मला कळेना की काकांनी केलं काय होतं. त्यांनी काहीच केलं नव्हतं, आणि तोच त्यांच्यावरचा आरोप होता.

हे प्रकरण पूर्ण लिहून काढतेय कारण ऑफिसातली नाती बिघडली की आपण पटकन ‘ॲटिट्यूड’ हा शब्द वापरतो, आणि एकदा तो वापरला की पुढे कोणी काही विचारतच नाही. मीही वापरलाय, बऱ्याचदा. ओळख पटू नये म्हणून नावं घेतलेली नाहीत, एकदोन तपशील बदललेत, बाकी घडलं तसं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परदेशातून माल आला की इम्पोर्टरच्या वतीने बिल ऑफ एंट्री, म्हणजे मालाचा तपशील देणारा कस्टम्सचा फॉर्म, भरायची, मालाला आठ आकडी कोड लावायचा (बोलताना आम्ही पहिले चारच आकडे घेतो), ड्युटी भरून घ्यायची, तपासणी लागली तर न्हावाशेवाला आपला माणूस उभा करायचा आणि कंटेनर बाहेर काढायचा. सगळी गंमत त्या कोडमध्ये असते, कोड चुकला की ड्युटी चुकली, मग दंड, नोटिसा, वर्षानुवर्षं चालणारी भांडणं. आणि दुसरी गोष्ट वेळ. बोट लागायच्या आदला दिवस संपायच्या आत बिल भरायला लागतं, सुट्टी असो नसो, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि पुढे रोजचे १०,००० रुपये.

काका म्हणजे आमच्याकडचे सत्तावीस वर्षं जुने जी कार्डवाले, वय चौपन्न, राहायला डोंबिवली. जी कार्ड म्हणजे कस्टम्सची परीक्षा पास झालेला माणूस, ज्याच्या सहीला किंमत असते. जुनी माणसं सांगतात की आधी काका सकाळी दहा वाजता फायलींचा गठ्ठा घेऊन कस्टम हाउसात शिरायचे आणि दुपारी हसत बाहेर यायचे. अप्रेझरच्या, म्हणजे बिल तपासणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्याच्या, समोर मालाचा कॅटलॉग उघडायचा, वस्तू काय आहे, कुठे बसते, काय काम करते ते शांतपणे समजावायचं, साहेबाच्या कपाळावरची आठी बघून पुढचा कागद कुठला काढायचा ते ठरवायचं. ही कला होती आणि ती त्यांना येत होती.

मग २०२० आलं. जूनमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईला फेसलेस असेसमेंट सुरू झालं आणि ऑक्टोबरअखेर देशभर झालं. म्हणजे माल न्हावाशेवाला उतरणार पण बिल तपासणारा अधिकारी भलत्याच शहरात बसलेला, त्याचं तोंड दिसणार नाही, प्रश्न आला तर स्क्रीनवर येणार आणि उत्तर टाईप करूनच द्यायचं. धंद्याच्या दृष्टीने बदल योग्यच होता असं मला वाटतं, ओळखीपाळखीवर काम व्हायला नको. पण त्या बदलात काकांचं काय गेलं हे ऑफिसात कोणाच्या बोलण्यात एकदाही आलं नाही. त्यांचा पगार तोच राहिला, हुद्दा तोच राहिला, फक्त इतक्या वर्षांत जे हातात आलं होतं ते वापरायची जागा गेली, आणि त्याबदल्यात हातात आला कीबोर्ड, ज्यावर ते दोन बोटांनी टाईप करतात.

हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांनी १९७०च्या दशकात मांडलं होतं की काम माणसाला आपलंसं का वाटतं, तर त्यात वेगवेगळी कौशल्यं लागतात, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून जातं, त्याचा कुणाला तरी उपयोग होतो, निर्णय आपला असतो आणि काम बरं झालं की वाईट ते लगेच कळतं. काकांच्या बाबतीत यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी एका वर्षात पातळ झाल्या. तरीही २०२० ते २०२३ ऑफिस नीट चाललं, कारण एक गोष्ट शिल्लक होती, लोक त्यांना विचारायला यायचे. खिडकीजवळ त्यांचं टेबल, आणि दिवसातून वीस वेळा कुणीतरी कागद घेऊन तिथे उभं. ‘काका हे बघा ना.’ मग काका चष्मा वर करणार आणि म्हणणार, ‘अगं हा व्हॉल्व्ह आहे, तो ८४८१ मध्येच जाणार, पंपाबरोबर आला म्हणून ८४१३ मध्ये ढकलू नकोस, त्याला स्वतःचं घर आहे.’ त्यातूनच पोरं शिकली. हे काम कुठल्याच शीटवर दिसत नव्हतं.

जुलै २०२३ मध्ये नवे ऑपरेशन मॅनेजर आले. आम्ही त्यांना सर म्हणायचो, काका साहेब म्हणायचे. छत्तीस वर्षांचे, मोठ्या फ्रेट कंपनीतून आलेले, हुशार, मेहनती, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. त्यांनी आल्या आल्या तीन गोष्टी केल्या. भिंतीवर टीव्ही लावला, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि त्याने आज किती बिलं भरली तो आकडा. बिलामागे इन्सेंटिव्ह चालू केला. आणि बसायची जागा बदलली, ज्युनियर सगळे त्यांच्या केबिनसमोर, काकांचं टेबल प्रिंटरजवळ.

इथे मला स्वतःचं सांगायला हवं. इन्सेंटिव्हची एक्सेल शीट मी बनवली होती. बिलामागे साठ रुपये, सरळ गुणाकार, मला ती न्याय्य वाटली होती कारण त्यात कुणाची मर्जी नव्हती. जेवढं काम तेवढे पैसे. काम म्हणजे काय हे मी ठरवतेय आणि चुकीचं ठरवतेय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिल्या महिन्याच्या शीटमध्ये काका तळाला आले आणि त्यांच्या नावापुढे कुणीतरी कॉमेंट टाकली होती, ‘सीनियर रिसोर्स, लो आउटपुट’. मी ती कॉमेंट तशीच पुढे पाठवली.

जागा बदलली ती शनिवारी, ऑफिस बंद असताना. काका सोमवारी आले तर खिडकीजवळ दुसऱ्याच कुणाचा कॉम्प्युटर आणि त्यांचा डबा ठेवायचा ड्रॉवर, देवाचा छोटा फोटो, सगळं एका खोक्यात भरून प्रिंटरशेजारी. ते काही बोलले नाहीत. खोक्यातून फोटो काढला, पुसला, बॅगेत टाकला. टेबलावर परत लावला नाही. मी बघत होते आणि मला वाटलं, बरं झालं, वाद नाही झाला.

मग हळूहळू काय झालं बघा. पोरं कागद घेऊन जायची तेव्हा काका म्हणायला लागले, ‘साहेबांना विचार.’ रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. पोरांनाही ते सोयीचं पडलं कारण विचारण्यात दहा मिनिटं जातात आणि दहा मिनिटांत अजून एक सोपं बिल होतं. कठीण फाइल कोण घेणार यावर सकाळी मूक रस्सीखेच, जो आधी आला तो सोपी उचलणार. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये वायरिंग करणाऱ्या १४ कामगारांचं निरीक्षण झालं होतं, तिथे उत्पादनावर पैसे मिळत असूनही त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की दिवसाला एवढंच करायचं, जास्त करणाऱ्याच्या दंडावर बुक्की. आमच्याकडे बुक्की नव्हती, पण ठरून गेलं होतं, कुणी कुणाला न सांगता, की कठीण गोष्ट दिसली तरी दिसली नाही असं करायचं.

तिसरी व्यक्ती विक्रोळीची एक मुलगी, चोवीस वर्षांची, एच कार्डवाली, म्हणजे परीक्षा अजून द्यायची होती. सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी तीच. ऑगस्टच्या मीटिंगमध्ये तिने सांगितलं की सर, ही एक फाइल थांबवूया, कोड मला बरोबर वाटत नाहीये. सर म्हणाले, ‘तू फाइल करायला आहेस की शंका काढायला?’ दोघंतिघं हसले. विषय संपला, मीटिंग पुढे गेली. ती मात्र तिथेच राहिली, हे मला नंतर कळलं.

आता तो शुक्रवार. एका जुन्या क्लायंटचा माल मंगळवारी लागणार होता. शुक्रवारी संध्याकाळी शिपिंग लाइनचा मेल आला की बोट लवकर येतेय, रविवारी. म्हणजे बिल शनिवारी रात्रीच्या आत भरायला हवं, चेकलिस्ट, म्हणजे बिलाचा कच्चा मसुदा, तर इम्पोर्टरकडे ॲप्रूव्हलला पडलेली, त्यांना फोन करून उठवायला लागणार. आणि आमचा तो शनिवार सुट्टीचा. मेल ऑफिसच्या कॉमन आयडीवर आला होता. मुलीने तो साडेपाचला वाचला. काकांनीही वाचला. दोघांनी कुणालाच सांगितलं नाही. सर तेव्हा शेठबरोबर दुसऱ्या क्लायंटकडे अंधेरीला होते. बोट रविवारी लागली, सोमवारी धावपळ, इम्पोर्टरचं ॲप्रूव्हल सोमवारी रात्री, बिल मंगळवारी सकाळी. तीन दिवसांचे १५,००० रुपये.

रक्कम मोठी नव्हती, ऑफिसने भरली. पण क्लायंटने विचारलं, एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आत्ता कसं झालं? आणि त्याने पुढच्या महिन्यापासून अर्धं काम दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. मग मेल कुणी उघडला होता ते शोधलं गेलं आणि काकांचं नाव निघालं. मुलीने मोबाईलवर वाचला होता, तिचं कळलंच नाही. मेमोचं असं ठरलं.

मी शेठना म्हटलं, मला दोन दिवस द्या, मला प्रत्येकाशी बोलायचंय. ते हो म्हणाले याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

काकांशी ऑफिसात बोलण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्याबरोबर सीएसएमटीला चालत गेले आणि डोंबिवली लोकलमध्ये जनरल डब्यात त्यांच्या शेजारी बसले, मला घाटकोपरला उतरायचं होतं पण मी डोंबिवलीपर्यंत गेले. भायखळा गेल्यावर ते म्हणाले, ‘बघितला होता मेल. साडेपाचला बघितला. खोटं नाही बोलणार.’ मग सांगितलं का नाही, तर म्हणाले, ‘कुणाला सांगायचं? आधी मी उठून ओरडलो असतो की बोट लवकर येतेय, कुणाची फाइल आहे. आता तिथून ओरडलं तर प्रिंटरला ऐकू जातं.’ करी रोड आलं तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. त्यांचे वडील गिरणीत होते, लालबागला राहायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा संप, तेव्हा काका तेरा वर्षांचे. ते म्हणाले, ‘संप काय, तो सगळ्यांनी मिळून केला होता. पण गिरणी परत उघडणार नाही हे बाबांना कुणी समोर बसवून सांगितलं नाही. गेटवर गेले तेव्हा कळलं. सोमवारी माझं खोकं बघितलं ना, मला बाबा आठवले.’ एवढंच बोलले. पुढे मुलुंडपर्यंत गप्प.

मी त्या रात्री घरी येऊन बराच वेळ जागी होते. आम्ही ज्याला टेबल हलवणं म्हणत होतो ते त्या माणसाच्या लेखी काय होतं, आणि आमच्यातल्या एकालाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

मानसशास्त्रात एक जुनी गोष्ट सांगतात, ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला नाव दिलं, की दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि तो कुठल्या परिस्थितीत अडकलाय तिकडे बघत नाही. मी उशिरा आले तर मध्य रेल्वे, काका उशिरा आले तर काकांना इंटरेस्ट नाही. त्यांच्या गप्प बसण्यालाही आम्ही तसंच वाचलं.

मी काकांची चूक झाकत नाहीये. सत्तावीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाने मेल बघून गप्प बसणं चूकच, आणि ते त्यांनाही माहीत होतं, त्यांची झोप उडाली होती त्या शनिवारी. पण ते गप्प बसले त्याला एक हिशेब होता. ॲडम्स नावाच्या अभ्यासकाने १९६३ मध्ये मांडलेलं आहे की माणूस आपण काय घालतो आणि काय मिळतं याची तुलना शेजारच्याशी करत असतो, आणि ते जुळलं नाही की कुठेतरी जुळवून घेतो. पगार तर स्वतःचा वाढवता येत नाही, मग आपलं घालणं कमी करतो. काकांनी कामाचे तास कमी केले नव्हते, रजा घेतली नव्हती. त्यांनी फक्त ते बंद केलं जे मोजलं जात नव्हतं. आमच्याच शीटने त्यांना सांगितलं होतं की ते काम नाही.

मुलीशी मी पॅन्ट्रीत बोलले. ती आधी रडली, मग म्हणाली, ‘ताई, मला वाटलं मी सांगेन आणि सर म्हणतील परत शंका. मला वाटलं काकांनी बघितलंच असेल.’ हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. दोघांनी एकच मेल बघितला आणि दोघांनी एकमेकांवर सोडला, तिने काकांवर, काकांनी साहेबांवर. एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता, त्यांना वाटलं होतं की ज्या टीम चांगल्या तिथे चुका कमी सापडतील, सापडल्या जास्त. कारण चांगल्या टीममधली माणसं चुका बोलून दाखवत होती, बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. आमच्याकडे ऑगस्टनंतर कुणी शंका काढत नव्हतं आणि आम्ही सगळे खूश होतो की मीटिंग वीस मिनिटांत संपतात.

सरांशी बोलणं मला सगळ्यात कठीण गेलं, आणि त्यातूनच मला सगळ्यात जास्त कळलं. सात वाजून गेले होते, ऑफिस रिकामं, ते टीव्हीवरचे आकडे बघत बसले होते. मी तयारी करून गेले होते की यांना सुनवायचं. ते म्हणाले, ‘शेठनी मला जॉइन होताना सांगितलं, तीन महिन्यांत फरक दाखवा. माणूस बदलायचा अधिकार नाही, रेट बदलायचा अधिकार नाही, काय बदलू? टीव्ही लावला.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आणि खरं सांगू, मला कोड काकांएवढे येत नाहीत. मी फॉरवर्डिंगमधला माणूस. सगळे त्यांच्याकडे जायचे, माझ्याकडे कुणीच येत नव्हतं. मला वाटलं टेबलं जवळ आणली तर येतील.’ डोक्यावर ओझं जास्त आणि हातात अधिकार कमी, कॅरासेकने १९७९ मध्ये सांगितलंय की माणसाला ताण इथेच सगळ्यात जास्त येतो. मी हे वाचलं होतं, पण समोरच्या केबिनमध्ये बसलेलं मला ओळखता आलं नव्हतं, कारण मी त्यांना खलनायक ठरवून बसले होते. म्हणजे काकांच्या बाबतीत त्यांनी केलं तेच मी त्यांच्या बाबतीत केलं.

मेमो गेला नाही. शेठना मी एकच गोष्ट मागितली, की तुम्ही स्वतः काकांना केबिनमध्ये बोलवा, चहा मागवा आणि जागा न विचारता बदलली हे चुकलं असं तोंडाने म्हणा. ते म्हणाले त्याने काय होणार, जागा तर परत देतोच आहोत. मी त्यांना ग्रीनबर्गचा १९९० चा अभ्यास सांगितला, मला तो नेहमी आठवतो. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्के कापला. एका ठिकाणी दीड तास बसून का कापतोय ते सांगितलं, खेद व्यक्त केला, प्रश्न घेतले. दुसरीकडे पंधरा मिनिटांत उरकलं. चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण जिथे उरकलं तिथे खूपच जास्त. कापलेला पगार तेवढाच होता. शेठ धंद्यातला माणूस, त्यांना चोरीचं उदाहरण लगेच कळलं.

ते चाळीस मिनिटं बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर काकांनी मला सांगितलं की खिडकी नको, प्रिंटरजवळच बरं, तिथे सगळे प्रिंट घ्यायला येतात, फक्त एक खुर्ची जास्तीची दे.

बाकी बदल छोटे होते. टीव्हीवरची नावं काढली, ऑफिसचा एकूण आकडा ठेवला. इन्सेंटिव्ह टीमवर केला, यावर दोन जण नाराज झाले आणि त्यांची नाराजी खोटी नव्हती, ते खरंच जास्त बिलं भरायचे, त्यांना महिन्याला हजार-बाराशे कमी पडायला लागले, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. फेसलेसच्या क्वेरीची उत्तरं काकांकडे दिली, ते बोलणार आणि ज्युनियर शेजारच्या खुर्चीत बसून टाईप करणार. हे सुचलं अहमदाबादवरून. १९५३ मध्ये कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस यांनी बघितलं की ऑटोमॅटिक माग आल्यावर एकेकाला कामाचा एकेक तुकडा वाटून दिलाय आणि कापड काही सुधारत नाही, तेव्हा मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे पूर्ण सोपवला गेला आणि उत्पादन आणि दर्जा दोन्ही वर गेले. आम्हीही कठीण फायली तीन माणसांच्या गटाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्यायला लागलो. काकांच्या तोंडून उतरलेली उत्तरं वाचली तर कळतं, समोर अप्रेझर बसलाय असंच ते बोलतात, फक्त आता ते त्याला दिसत नाहीत.

आणि चार वाजता उभ्या उभ्या दहा मिनिटं ‘उद्याच्या बोटी’. प्रत्येकाने एकच सांगायचं, माझ्याकडचं काय अडकू शकतं. पहिल्या दिवशी कोणी बोलेना. मग सर म्हणाले, ‘मी सांगतो. मला ९०३२ आणि ८५३७ मधला फरक कळत नाही, काल अंदाजाने टाकणार होतो.’ ऑटोमॅटिक रेग्युलेटर आणि कंट्रोल पॅनल, या दोघांत भले भले चुकतात. काका म्हणाले, ‘साहेब, या इकडे, बसा.’ त्या जास्तीच्या खुर्चीत पहिले सर बसले.

आपल्याकडच्या ऑफिसांबद्दल जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या आसपास जे मांडलं ते मला इथे पटतं, की आपल्या लोकांना असा वरिष्ठ चालतो जो कामाबाबत कडक आहे पण माणसाची काळजी घेतो, आणि माणूस तयार होत गेला की हळूहळू त्याच्या हातात सूत्रं देतो. सर कडक होतेच. काळजीही होती त्यांना, ती दाखवायची कशी हे येत नव्हतं, आणि ती दाखवली तर आपण कच्चे ठरू असं वाटत होतं.

सगळं गोड झालं असं नाही. पुढच्या सहा महिन्यांत लेट फायलिंग एकच झालं, तेही इम्पोर्टरने कागद उशिरा दिले म्हणून, पण तो जुना क्लायंट पूर्ण परत आला नाही. काका आणि सर यांच्यात मैत्री वगैरे झाली नाही, कामापुरतं बोलतात, दिवाळीत एकमेकांना फराळ देतात. देवाचा फोटो टेबलावर परत आला नाही, मी रोज बघायचे. डिसेंबरच्या गर्दीत चारची मीटिंग तीन आठवडे बंद पडली होती आणि ती परत चालू करा हे मला सांगावं लागलं, आपणहून कुणी केली नाही.

मुलगी जून २०२४ मध्ये गेली. अंधेरीच्या एका ऑफिसने पगार साडेसहा हजारांनी जास्त दिला, आम्ही तेवढा देऊ शकलो नाही, हर्झबर्गने १९५९ मध्ये सांगितलंच होतं की पगार कमी पडत असेल तर बाकीच्या चांगल्या गोष्टींनी ते भोक बुजत नाही. जाताना तिने मला विचारलं, ‘ताई, तिकडे विचारायला कोण असेल?’ मी म्हटलं, शोध, असतं कुणीतरी.

तिने शोधलं नाही. ती संध्याकाळी काकांना फोन करते. लोकलमध्ये ठाण्याच्या पुढे थोडी गर्दी कमी झाली की काका फोन उचलतात आणि तिला कोड सांगतात, दुसऱ्या कंपनीच्या फाइलचे, कधीकधी आमच्याच स्पर्धकाच्या मालाचे. शेठना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं की हे चालवून घ्यायचं का, हे थांबवायला एक नियम करूया का. मी म्हटलं, करायचा तर तुम्ही करा, मी टाईप करणार नाही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ती परीक्षेला बसतेय ना यंदा? म्हटलं, हो. मग म्हणाले, राहू दे.